मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधी तोंड का तपासतात?

लघवीची धार बारीक होणे, जोर करावा लागणे, लघवी थेंबथेंब होणे ही मूत्रमार्ग अरुंद झाल्याची लक्षणे असू शकतात. याला युरेथ्रल स्ट्रिक्चर म्हणतात. अरुंद भाग लांब असेल किंवा दुर्बिणीतून उपचार करूनही त्रास परत येत असेल, तर युरेथ्रोप्लास्टी ही शस्त्रक्रिया सुचवली जाते. तिच्यात बऱ्याचदा गालाच्या आतले अस्तर काढून मूत्रमार्गाला जोडतात. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतही हेच अस्तर वापरले जाते.

गालाचेच अस्तर का?

ते सतत ओले राहण्यास सरावलेले असते, त्यावर केस नसतात आणि ते जाड पण लवचिक असते. जोडलेल्या तुकड्याला पहिले दोन दिवस खालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगावे लागते. त्यानंतर रक्तवाहिन्या जुळू लागतात. म्हणून तुकडा मुळात निरोगी असावा लागतो.

तंबाखू-सुपारीमुळे काय बिघडते?

गुटखा, मावा, सुपारी यांमुळे गालाचे अस्तर पांढरट आणि कडक होते, तोंड कमी उघडते. हा ओरल सबम्युकस फायब्रोसिस. अशा गालातून पुरेसा चांगला तुकडा मिळत नाही, जखम भरायला वेळ लागतो आणि तोंड आणखी आखडू शकते. हा आजार कर्करोगाची पूर्वअवस्थाही आहे. तंबाखू, मिश्री आणि धूम्रपानही अस्तराला अपाय करतात.

घरी काय पाहाल?

- तुमची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का?
- तिखट खाताना तोंडाची आग होते का?
- पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण आहे का?

बोटे जात नसतील किंवा बाकीचे काही आढळले, तर आधी दंतवैद्यांना दाखवा. किडलेले दात आणि हिरड्यांची सूजही आधीच बरी करून घ्या.

डॉक्टरांपासून लपवू नका

घरचे सोबत असताना व्यसनाबद्दल बोलायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांना एकट्याने भेटा. खरे कळले तर ते दुसरा गाल, जिभेखालचे अस्तर किंवा वेगळी पद्धत यांचा आधीच विचार करू शकतात. शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट न पाहता व्यसन आजच थांबवा.

शस्त्रक्रियेनंतर

काही दिवस गाल सुजतो, बधिर वाटतो. सुरुवातीला पातळ, मग मऊ आणि बिनतिखट जेवण घ्या. सांगितल्याप्रमाणे गुळण्या आणि तोंड उघडण्याचे व्यायाम करा. लघवीची नळी साधारण दोन ते तीन आठवडे राहते. ती स्वतःहून काढू नका. तोंडातून रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा नळीतून लघवी येणे बंद झाले, तर लगेच रुग्णालयात जा.