कावेरीकाठची मिरास आणि कुळांचा संघ

तिरुवैयारु हे नाव मराठी माणसाच्या कानी पडते ते बहुधा त्यागराजांच्या समाधीमुळे. तंजावरच्या भोसल्यांची आठवण निघाली, तर कावेरीकाठचे घाट आणि अन्नछत्रेही आठवतात. परंतु त्या भूमीत आणि मराठी मुलखात आणखी एक शब्द समाईक आहे, आणि तो शेताच्या बांधावरचा आहे. तो शब्द म्हणजे मिरास.

मूळ अरबी अर्थ वारसा. देशावर मिरासदार म्हणजे वडिलोपार्जित जमीन स्वतः कसणारा शेतकरी. कावेरीच्या खोऱ्यात मात्र मिरासदार पुष्कळदा नांगराला हात न लावणारा धनी झाला. अग्रहारातील ब्राह्मणाला तर नांगर धरणे निषिद्धच होते. त्याच्या खाली वाट्याने किंवा ठरीव खंडाने कसणारे कूळ, आणि सर्वांच्या तळाशी पण्णैयाळ, म्हणजे आपल्याकडचा सालगडी. तो बहुतांशी दलित असे आणि त्याची झोपडीसुद्धा धन्याच्याच जमिनीवर उभी असे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा इतिहास उलगडतो.

शेतकऱ्यांनी सभासद होऊन एकमेकांस हात द्यावा, हा विचार मद्रास इलाख्यात प्रथम सरकारी दप्तरातून आला. फ्रेडरिक निकल्सन यांनी जर्मनीतील रायफायझनच्या पतपेढ्यांचा पुरस्कार केला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. योजना चांगलीच होती. पण कर्ज मिळे ते पतीवर, आणि खेड्यात पत ठरे ती जमिनीवर. ज्याच्या नावावर बांधसुद्धा नाही, त्याने कोणत्या बळावर सभासद व्हावे?

त्याच्यासाठी निराळा संघ निघाला. १९४३ मध्ये दक्षिण कानडातील बी. श्रीनिवास राव तंजावर जिल्ह्यात आले आणि तेन्परै गावापासून किसान सभेचे काम वाढू लागले. तिचे सभासद होणे म्हणजे नुसती पावती फाडणे नव्हे. धन्याचा रोष झाला तर कामाबरोबर झोपडीही जाई. तरी माणसे आली. १९४४ च्या मन्नारगुडी कराराने चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजण्याची शिक्षा बंद झाली. असे कलम करारात घालावे लागले, यातच सारे आले!

१९५२ मध्ये राजाजींच्या सरकारने वटहुकूम काढून कुळाला उत्पन्नाचा दोन-पंचमांश वाटा दिला आणि त्याला व पण्णैयाळाला मनमानी हकालपट्टीपासून संरक्षण दिले. मात्र गावात एक वेली, म्हणजे सुमारे पावणेसात एकर, किंवा त्याहून कमी जमीन असणारा मालक त्यातून सुटला. पश्चिमेकडील जुन्या कावेरी-मुलखात थोडी स्वतःची, थोडी खंडाची जमीन कसून वर मजुरीही करणारी माणसे पुष्कळ. अशा माणसाने कोणाविरुद्ध उभे राहावे? संघाचा जोर पूर्वेकडे राहिला, तो बऱ्याच अंशी यामुळे.

पूर्वेकडे पुढे मिरासदारांनीही भात-उत्पादकांचा संघ उभारला, आणि मजुरांनी लाल बावटा सोडावा असा आग्रह धरला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री किळवेण्मणी येथे एका झोपडीत आश्रयास गेलेली ४४ दलित माणसे, बहुतेक बायका आणि मुले, जाळून मारली गेली. उच्च न्यायालयात आरोपी मिरासदार सुटले.

१९७१ च्या कायद्याने झोपडीखालची जागा अखेर तिच्यात राहणाऱ्याच्या नावावर झाली.