मढे घाटातून कॅमेरा उतरला नाही

आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. पोलादपूरच्या खोऱ्यात तेव्हा घरटी एक तरी माणूस मुंबईला असायचा. शिमग्याला ते गावी आले की रात्री पडवीत कंदील लावून आम्हा पोरांना सिनेमा सांगायचे, आणि तो नेहमी एकच असायचा: प्रभातचा ‘सिंहगड’. उजव्या हातात कोयती, डाव्या हाताला गुंडाळलेला पंचा म्हणजे शेला. ढाल तुटली की पंच्यावर वार झेलायचे. ओटीच्या खांबाला बैलाचं चऱ्हाट बांधून ‘कडा’ चढून दाखवायचे. गोष्ट संपली की मात्र खाली बसून म्हणायचे, “समदं झ्याक दावलं, पन आपला उमरठ काय दिसला न्हाय.”

उमरठ आमच्या पोलादपूर तालुक्यातलं गाव. तानाजी मालुसऱ्यांचा जन्म घाटावर जावळीतल्या गोडवलीचा सांगतात, पण घरदार इथलं. मुलगा रायबा याच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन ते शेलारमामांबरोबर महाराजांकडे गेले आणि कोंढाण्याची कामगिरी अंगावर घेतली, ही परंपरेची गोष्ट. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री गड घेताना ते पडले. आमच्याकडची माणसं सांगतात, की त्यांचा देह सह्याद्री उतरून उमरठला आणला. ज्या वाटेने मढं आलं तो मढे घाट. वर वेल्ह्याकडचं केळद, खाली महाड तालुक्यातली कर्णवडी. तानाजी आणि शेलारमामा या दोघांच्याही समाध्या उमरठला आहेत.

या गोष्टीवर सिनेमावाल्यांची नजर फार लवकर गेली. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी घराघरात पोचलेली होती. तिच्यावर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 1923 साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढणारा हा माणूस. त्या काळात चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले, पण कोंढाण्याची लढाई तर रात्रीची! पेंटरांनी ती कृत्रिम प्रकाशात घेतली. भारतीय सिनेमातल्या अशा पहिल्या प्रयोगांत तिची गणना होते. शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम, वय अवघं बावीसच्या आसपास. पुढे त्याच शांतारामांनी प्रभातसाठी 1933 साली बोलपट ‘सिंहगड’ केला. आजोबांनी पाहिला तो हाच.

त्यानंतर 10 जानेवारी 2020 ला ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ आला. अजय देवगण यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी नातवाला घेऊन गेलो. डोळ्यांवर थ्रीडीचा चष्मा, अंगावर येणारे बाण आणि कडे. पण त्यातले डोंगर बरेचसे संगणकावर उभे केलेले होते. नातू हरखून गेला होता, मीही. बाहेर पडताना आजोबांचं वाक्य माझ्याच तोंडून निघालं.

आमच्या रायगड जिल्ह्याला हॉलिवूडचा वारासुद्धा लागला होता, तोही असाच लांबून. ऑलिव्हर स्टोन ‘अलेक्झांडर’साठी भारतात जागा शोधत होते, तेव्हा कलादिग्दर्शक नितीन देसाई त्यांच्याबरोबर फिरले. इथे तशा सोयीचा स्टुडिओ नाही म्हणून तो चित्रपट गेला आणि ती रुखरुख घेऊन आपण स्टुडिओ बांधला, असं देसाई मुलाखतींत सांगत. 2005 साली कर्जतजवळ एनडी स्टुडिओ उभा राहिला. ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी तिथे गडकोटांचे देखावे रचले गेले. देसाई मूळचे दापोलीचे, कोकणचे. त्यांच्या हाताला मी मनापासून नमस्कार करतो. खरा रायगड मात्र आमच्या महाड तालुक्यात ऊनपाऊस खात उभा आहे, त्याच जिल्ह्यात.

कॅमेरे आमच्याकडे आले ते निराळ्या कारणांनी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा आले. 22 जुलै 2021 ला महाडचं तळीये दरडीखाली गेलं आणि त्याच दिवशी आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, तेव्हा आले. चार दिवस राहिले आणि गेले. देशाने आमचे डोंगर पाहिले ते कोसळताना.

म्हणून मला वाटतं, की या मातीचा खरा सिनेमा अजून निघायचा आहे. तिन्ही सिनेमांचा जीव गडावरच्या लढाईत आहे, आणि ते रास्तच आहे. पण आमच्यासाठी गोष्ट सुरू होते लग्नघरात आणि संपते त्याच दारात. घाट उतरणारे मावळे, खांदे बदलत आणलेला देह, दारात उभी बायकामाणसं, लग्नाचा पोरगा. तो उतार मी पडद्यावर पाहिलेला नाही. त्याला संगणक लागत नाही, घाट आहे तिथेच आहे.

गेल्या पुण्यतिथीला, माघ वद्य नवमीला, मी उमरठला होतो. भाषणं चालू होती. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी बाजूने आली, मोळी खाली ठेवली, चपला काढल्या, समाधीला हात लावून कपाळाला नेला. बाजूच्या पोराला म्हणाली, “बाबा, मोळी जरा डोक्यावर दे.” आणि चालू लागली. घरातल्या थोरल्या माणसाला जाता-येता भेटावं, तसं ते होतं. आजोबा पडद्यावर उमरठ शोधत होते, ते बहुतेक हेच शोधत असावेत.