लढवय्यांचे वर्ग (पथकातील)

पथकातील प्रत्येक लढणाऱ्याला नेमून दिलेले काम आणि त्यानुसार ठरणारी त्याची शस्त्रे, वाहन व दर्जा. कल्पनारम्य भूमिका-खेळांत ही निवड ‘क्लास’ या नावाने खेळाडू स्वतः करतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात आरंभी लढवय्या, जादूगार व धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. चोराचा वर्ग १९७५ मध्ये आला. मराठा फौजेतील वर्गवारीचे महत्त्वाचे साधन म्हणजे सभासद बखर.

घोडदळ : बारगीर व शिलेदार हे दोन मुख्य वर्ग. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिवाजी महाराजांनी पागेचे बळ वाढवले आणि शिलेदारांना पागेच्या दिमतीस ठेवले. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी उतरंड होती. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. हे दोघे तलवार चालवत नसत, पण पाणी आणि नाल यांवाचून घोडदळाची मजल होत नाही. म्हणून पथकाच्या मोजणीत त्यांना लढवय्यांइतकेच स्थान दिले पाहिजे.

पायदळ : नऊ पाइकांमागे एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पायदळाचे सरनोबत येसाजी कंक.

शस्त्रे : कोल्हापूरच्या तालमींतील मर्दानी खेळांत लाठी, दांडपट्टा, विटा, माडू, फरी-गदगा, बोथाटी इत्यादी प्रकार टिकून आहेत. दांडपट्ट्याचे पाते लांब, सरळ व लवचीक असते. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार खांद्यातून, सर्व अंग फिरवून करावा लागतो. म्हणून पट्टेकऱ्याला भोवती मोकळी जागा लागते. दाटीत तो आपल्याच गड्यांना धोका ठरतो. विटा दोरीने हाताशी बांधलेला असल्याने फेकून परत ओढता येतो. माडूत काळविटाची शिंगे व लहान ढाल एकत्र असल्याने वार आणि बचाव एकाच हाताने होतो. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित करण्यात आले.

भूप्रदेश व निवड : जोतिबा डोंगराजवळच्या पन्हाळ्याला सिद्दी जौहरने १६६० मध्ये वेढा घातला. जुलैच्या पावसात महाराज विशाळगडाकडे निघाले ते पालखीतून, पायी चालणाऱ्या बांदल मावळ्यांसह. मावळ्यांची संख्या साधारणपणे सहाशे दिली जाते. चिखल, रान आणि अरुंद खिंडीची ही वाट घोडेस्वारांपेक्षा पाइकांना सोयीची होती. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूला रोखले. तेथील शस्त्रांबाबतचे तपशील मुख्यतः परंपरेतील आहेत.

वर्गांतर : खेळात वर्ग सहसा प्रारंभीच निश्चित होतो, मराठा फौजेत तो बदलू शके. राणोजी शिंदे यांनी पेशव्यांच्या पागेत बारगीर म्हणून चाकरी सुरू केल्याचे सांगतात. पुढे ते सरदार झाले. जोतिबाचे सध्याचे मंदिर त्यांनी १७३० मध्ये बांधल्याचे मानले जाते.

मूल्यमापन : लढवय्या निवडताना भूमी, वाहन आणि त्याच्या पोषणाची सोय यांचा विचार शस्त्राआधी व्हावा, असे या उदाहरणांवरून म्हणता येते.