अनामिकेने उचललेला अंगठा

मावळात भातलावणी अजूनही बरीचशी हातानेच होते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये आणलेला 'इंद्रायणी' असो की जुना आंबेमोहोर, रोप चिखलात खोवायला अंगठा आणि दोन बोटं लागतातच. कुष्ठरोग नेमकी ही चिमूट मोडतो. मनगटाजवळचा मज्जातंतू निकामी झाला की अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजतो आणि अंगठा बोटांसमोर येईनासा होतो.

हा अंगठा परत उभा करता येतो, हे सर्जन पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला दाखवलं. पुणे जिल्ह्यात या कामाशी नाव जोडलं गेलं ते डॉ. नोशीर अंटिया यांचं. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकून ते परतले, कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम केलं आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कुष्ठरुग्णाला हात लावायला डॉक्टरही कचरत, तो हा काळ.

शस्त्रक्रियेची युक्ती मोठी गमतीची. अनामिकेला वाकवणारे स्नायुबंध दोन असतात. त्यातला एक सोडवायचा, तळहातातून वळवून अंगठ्याला जोडायचा. मग तीन-चार आठवडे प्लास्टर.

खरी परीक्षा प्लास्टर निघाल्यावर. स्नायू जागा बदलतो, पण मेंदूला त्याची खबर नसते. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतो, 'अनामिका वाकवा', आणि उठतो अंगठा! आधी नुसतंच हे, मग हलक्या वस्तू उचलणं, मग जोर लावणं. घाई केली तर टाका सैल पडतो. आळस केला तर बंध आसपासच्या ऊतींना चिकटून बसतो. इतिहासात नावं सर्जनांची राहिली. रोज तोच हात धरून बसणाऱ्यांना मात्र क्वचितच कुणी विचारलं, आणि हे बरं झालं नाही.

ब्रँड स्वतः सुतारकाम शिकलेले. 1951 मध्ये वेल्लोरला त्यांनी 'नवजीव निलयम' काढलं, तिथे बरे झालेले रुग्ण लाकडी खेळणी करत. व्यायामाचा व्यायाम होई आणि पोटापाण्याचाही प्रश्न सुटे. पण अंगठा हलला तरी संवेदना परतत नाही. विळ्याची मूठ किती आवळली, चहाचा पेला किती तापलाय, हे कातडी सांगत नाही. डोळ्यांनीच राखण करावी लागते. मुठीला कापड गुंडाळणं आणि रोज हात तपासणं हासुद्धा उपचाराचाच भाग.

आता अशा शस्त्रक्रियेसाठी सरकार रुग्णाला बुडालेल्या मजुरीपोटी अनुदान देतं, तेही हप्त्यांनी. शेवटचे हप्ते मिळतात पुन्हा तपासणीला आल्यावर. ऐन लावणीत मजुरी सोडून व्यायामाला जाणं कुणाला परवडतं, हे ज्याने ही अट घातली त्याला बहुधा ठाऊक असावं.