रक्त, पाणी आणि वेगळा पेला

"जलमभर येगळ्या कपात च्या पिलो, भाच्या. आता हितंबी येगळंच का रं?"

मामांनी हे विचारले तेव्हा त्यांच्या हातात खुपसलेल्या दोन सुयांपैकी एकीतून रक्त यंत्राकडे जात होते आणि दुसरीतून परत येत होते. मामा नगरपालिकेचे निवृत्त सफाई कामगार. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. सुरुवातीच्याच तपासणीत त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस 'बी', म्हणजे 'ब' प्रकारची कावीळ, निघाली आणि त्यांना मोठ्या दालनातून कोपऱ्यातल्या खोलीत हलविण्यात आले. खोली वेगळी, यंत्र वेगळे. त्यांना पाहणारी परिचारिका त्या पाळीत बाहेरच्या रुग्णांना हात लावणार नाही अशी व्यवस्था. आणि व्हरांड्यातल्या माठाजवळ त्यांच्यासाठी एक स्टीलचा पेला, सुतळीने बांधून ठेवलेला.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. उत्तर माझ्या ओठावरच होते: मामा, ही अस्पृश्यताच आहे, नव्या कपड्यातली. चळवळीत वाढलेल्या माणसाला हे उत्तर शोधावे लागत नाही. निवेदन लिहायलाही बसलो होतो. पण लिहिण्यापूर्वी वाचावे म्हणून वाचू लागलो तेव्हा माझे उत्तर निम्मे चुकीचे निघाले. ते निम्मे कोणते आणि बरोबर असलेले निम्मे कोणते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास हॉलंडमधल्या कांपेन या लहानशा गावी सुरू होतो. देश नाझींच्या ताब्यात होता. १९४३ साली विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेज भरण्यासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून रक्त धुण्याचे यंत्र तयार केले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली जी पहिली रुग्ण खऱ्या अर्थाने वाचली, ती ६७ वर्षांची स्त्री नाझींना साथ दिल्याबद्दल तुरुंगात होती. गावाला तिच्याविषयी काय वाटत असेल, ते सांगायला नको. कोल्फने तिला वाचविले.

हा प्रसंग लक्षात ठेवण्याचे कारण पुढे अमेरिकेत जे घडले त्यात आहे. १९६० साली सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी बसविली. तिला शंट म्हणतात. तोपर्यंत प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे, त्यामुळे माणूस काही दिवसच तगवता येई. शंटमुळे तोच माणूस वर्षानुवर्षे यंत्रावर जगू लागला. पण यंत्रे थोडी आणि रुग्ण फार. मग १९६२ साली तेथील केंद्राने सात नागरिकांची एक समिती नेमली. त्यांची नावे गुप्त होती. त्यांत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकेतला माणूस होता, गृहिणी होती, कामगार पुढारी होता. डॉक्टरांनी वैद्यकीय दृष्ट्या योग्य ठरविलेल्या रुग्णांपैकी कोणाला यंत्र द्यायचे ते ही मंडळी ठरवीत. शिक्षण किती, मिळकत किती, पदरी मुले किती, चर्चमध्ये जातो काय, याचा विचार होई. त्याच वर्षी 'लाइफ' मासिकाने हे प्रकरण उजेडात आणले आणि मोठी चर्चा झाली. माणसाची सामाजिक किंमत ठरवून त्याला जगू द्यायचे की नाही, हा प्रश्न अमेरिकेला तेव्हा नवा वाटला. आपल्याला तो नवा नाही. आमच्या मामांचा अर्ज त्या सात जणांपुढे गेला असता तर काय झाले असते, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने डायलिसिसचा बहुतेक खर्च उचलला आणि असल्या निवडीची गरज सरली. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेल्या राज्याच्या योजनेतून आणि २०१६ पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमातून गरिबाला यंत्र मिळू लागले. माझ्या वडिलांच्या पिढीने डायलिसिस हा शब्द ऐकला तो आणीबाणीनंतर मुंबईच्या जसलोकमध्ये यंत्रावर असलेल्या जयप्रकाश नारायणांमुळे. तो आजार मोठ्या माणसांचा, अशीच समजूत होती.

आता संसर्गाकडे येतो. डायलिसिसच्या दालनात दर पाळीला डझनभर माणसांचे रक्त शरीराबाहेर फिरत असते. सुया टोचल्या जातात, नळ्या जोडल्या-सोडल्या जातात, थेंब सांडतात. 'ब' काविळीचा विषाणू असा चिवट, की वाळलेल्या रक्तातही तो आठवडाभर जिवंत राहतो. डाग डोळ्यांना दिसत नाही तरीही. यंत्राची कळ, खुर्चीचा हात, परिचारिकेच्या खिशातली कात्री, कशावरूनही तो पुढच्या माणसाकडे जातो. १९६० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या केंद्रांतून या काविळीच्या साथी उठल्या. १९६९-७० साली एडिनबराच्या रॉयल इन्फर्मरीतील साथीत रुग्ण तर गेलेच, पण तेथे काम करणारी माणसेही गेली. १९७२ साली लॉर्ड रोझेनहाइम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटनसाठी नियम सुचविले: सर्वांचे रक्त तपासा, ज्यांच्यात विषाणू आहे त्यांचे डायलिसिस वेगळे करा, हातमोजे घाला, दालनात खाणेपिणे आणि सिगारेट बंद करा. अमेरिकेत १९७७ साली तसेच नियम आले. तेथे १९७४ साली वर्षभरात शंभरांतल्या सहा रुग्णांना ही कावीळ नव्याने जडत होती. १९८० साली ते प्रमाण शंभरात एकावर आले. लशीला परवाना मिळाला तो त्यानंतर, १९८१ साली. म्हणजे ही घट लशीने झालेली नाही. हात धुण्याने, हातमोज्याने, तपासणीने आणि वेगळ्या यंत्राने झालेली आहे.

माझ्या निवेदनाचे पहिले कलम येथे गळून पडले. मामांचे यंत्र वेगळे आहे ते मामा कोण आहेत म्हणून नव्हे. उद्या गावचा पाटील हाच विषाणू घेऊन आला तर त्यालाही त्याच खोलीत बसावे लागेल. आणि न बसविला तर आपणच ओरडले पाहिजे, कारण मोठ्या दालनात आपलीच माणसे आहेत.

हे लिहिताना मला भीती वाटते. असे म्हटले की एक विशिष्ट वर्ग लगेच पुढे सरसावतो: बघा, आमचे सोवळे-ओवळे शास्त्रीयच होते! २०२० च्या करोनात हे किती जणांनी किती उत्साहाने सांगितले ते आपण ऐकले आहे. त्यांना व्हिएन्नाच्या इस्पितळाची गोष्ट सांगावी. १८४७ साली तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. बायका जास्त मरत त्या डॉक्टरांच्या विभागात. इग्नाझ सेमेलवाइस याच्या ध्यानात आले, की हे विद्वान प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासतात. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. मरण वाहून नेणारे हात विद्वानांचे होते. सोवळ्याला हे दिसूच शकत नाही, कारण ते हाताने काय केले हे पाहत नाही, हात कोणाच्या पोटी जन्माला आला ते पाहते.

याच्या पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एड्सच्या काळात, १९८७ साली, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एक नियम घालून दिला: रक्त कोणाचेही असो, ते संसर्गजन्य आहे असेच समजून वागा. तपासणीचा कागद पाहून हातमोजे घालायचे नाहीत, सर्वांसाठी घालायचे. म्हणूनच एचआयव्ही किंवा 'सी' काविळीच्या रुग्णाला डायलिसिससाठी वेगळे यंत्र लागत नाही, नीट काळजी घेतली की पुरते. वेगळेपण फक्त 'बी'साठी उरले, त्याच्या चिवटपणामुळे. ब्राह्मणाचे रक्त आणि मांगाचे रक्त सारखेच संशयित मानणारा हा नियम मी वर्गात समतेवर बोलताना सांगतो, तेव्हा मुले हसतात. मीही हसतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्या चळवळीचे लक्ष नाही. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे १२० लिटर पाण्याचे द्रावण रुग्णाच्या रक्ताला एका पातळ पडद्याआड भिडून जाते. पिण्याचे पाणी आतड्यातून जाते; हे पाणी जवळपास थेट रक्ताशी बोलते. १९९६ साली ब्राझीलच्या कारुआरू गावी एका केंद्राला टँकरने आणलेले पाणी नीट शुद्ध न करता वापरले गेले. जलाशयात वाढलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष त्यात होते. यकृत निकामी होऊन पन्नासहून अधिक रुग्ण मेले. टँकर म्हटल्यावर आपल्याकडच्या किती गावांची नावे आठवतात! १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क मागितला गेला. आता पाणी कसे आहे, तेही विचारावे लागेल. आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत यंत्रे वाढवा हे कलम असते. पाण्याच्या तपासणीची नोंदवही दाखवा, हे कलम मी अजून पाहिलेले नाही.

तसेच मानेतल्या नळीचे. हातातली फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट, १९६६ पासून जगाला माहीत आहे, आणि तिच्यात जंतुसंसर्ग सर्वांत कमी. पण ती वापरण्याजोगी व्हायला काही आठवडे लागतात. आपला माणूस डॉक्टरकडे पोचतो तो श्वास लागल्यावर. मग मानेत नळी घालण्यावाचून इलाज नसतो, आणि त्या नळीवाटे जंतू सरळ रक्तात जातात. मामांना दोनदा थंडी वाजून ताप भरला तो त्या नळीमुळेच. दोन महिने नळी, मग फिस्टुला. त्या दोन महिन्यांत मामी मजुरीला गेली नाही.

आता उरलेले निम्मे. तो सुतळीचा पेला. मी जे जे नियम वाचले त्यांपैकी एकातही पेल्याचा उल्लेख नाही, कारण 'ब' कावीळ पेल्यातून पसरत नाही. यंत्राचे वेगळेपण विज्ञानाने सांगितले. पेल्याचे कोणी सांगितले, हे त्या व्हरांड्यातल्या प्रत्येकाला माहीत होते. विचारल्यावर सांगण्यात आले, "लोक तक्रार करतात."

आणि ती खोली पुसणारी बाई. कंत्राटी, आमच्याच वस्तीतली. हातमोजा एकाच हातात, तोही फाटका. जैववैद्यक कचऱ्याविषयी २०१६ चे नियम सांगतात, की असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला 'ब' काविळीची लस रुग्णालयाने द्यावी. मी तिला विचारले. ती म्हणाली, "कसली लस, सर? करोनाची घेतलीय ना." मामा डोळे मिटून पडले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "आमाला तर खराट्याबिगर कायबी दिलं न्हाई." त्यांना हा विषाणू कोठे चिकटला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

मामांना मी उत्तर दिले: मशीन येगळं बरोबर आहे, पेला येगळा बरोबर नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्या बाईचं काय?"

निवेदनात शेवटी तीन कलमे राहिली. पेला काढावा, पाण्याच्या तपासणीची नोंद भिंतीवर लावावी, सफाई करणाऱ्या सर्वांना लस द्यावी. पेला दुसऱ्या आठवड्यात निघाला. भिंतीवर एक कागद लागला आहे, त्यावरची तारीख जुनी आहे. लशीविषयी उत्तर आलेले नाही.