घोड्यांनी आखलेला रस्ता

1872 मध्ये अमेरिकी काँग्रेसने यलोस्टोनला राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. रस्त्यासाठी मात्र दमडीही दिली नाही. बॅनॉक आणि इतर मूळ रहिवाशांच्या जुन्या पायवाटा तेवढ्या होत्या. पहिले दहा हजार डॉलर मिळाले ते 1878 मध्ये. आदल्याच वर्षी लष्कराने नेझ पर्स जमातीचा याच भागातून पाठलाग केला होता. त्यामुळे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी उद्यानाच्या उत्तर भागातल्या मॅमथहून गीझरच्या (उष्ण पाण्याच्या कारंज्यांच्या) खोऱ्यांकडे घाईने काढलेल्या रस्त्यात सैन्याच्या सोयीचाही विचार होता. रस्ता नावाचाच: चढ अंगावर येणारे, मध्ये तोडलेल्या झाडांचे बुडखे.

1883 मध्ये लष्करी अभियंता डॅन किंगमन आले आणि रस्त्याला शास्त्र आले. त्यांचा हिशेब घोड्यांचा होता. भरलेली गाडी ओढता येईल एवढाच चढ हवा. म्हणून उत्तर प्रवेशद्वाराजवळचे गार्डिनर गाव ते मॅमथ हा रस्ता टेकडीवरून खाली गार्डनर नदीच्या काठाने नेला, आणि मॅमथच्या वर गोल्डन गेट नावाच्या खिंडीत कड्याला चिकटून लाकडी पूल बांधला. त्यांच्यामागून आलेल्या हायरम चिटेंडन यांनी त्या जागी काँक्रीटचा पूल केला, धुळीवर पाणी मारण्याची व्यवस्था केली. नवे रस्ते गरजेपुरतेच, पण आहेत ते पक्के, हे त्यांचे धोरण. आजचा इंग्रजी आठच्या आकाराचा ग्रँड लूप हा उद्यानातला मुख्य रस्ता बहुतांशी याच दोघांच्या आखणीवर उभा आहे.

1 ऑगस्ट 1915 रोजी मोटारींना परवानगी मिळाली. दोनेक वर्षांत घोडागाड्या हटल्या, खडीवर पुढे डांबर चढले. पण आखणी घोड्यांचीच राहिली.

इथली जमीनही रस्त्याला स्वस्थ बसू देत नाही. हिवाळ्यात गोठून ती फुगते. 2014 च्या जुलैत तर जमिनीखालच्या उष्णतेने फायरहोल लेक ड्राइव्हवरचे डांबर वितळले.

सर्वांत मोठा तडाखा मात्र पाण्याने दिला. जून 2022 च्या पुरात गार्डनर नदीने काठचा रस्ता जागोजाग तोडून नेला. तेव्हा कामी आला टेकडीवरचा जुना, घोडागाड्यांच्या काळातला मातीचा रस्ता. तो रुंद करून, डांबर घालून, कठडे लावून ऑक्टोबरअखेर वाहतुकीला खुला केला. घोड्यांना दमवणारा चढ इंजिनाला जड नव्हता. तो टाळण्यासाठी पत्करलेली नदीची सोबतच अखेर महाग पडली.