बाराशेची मर्यादा आणि फीमाफी

धाराशिवच्या मुलांसाठी 1948 पर्यंत विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, आणि तिथले शिक्षण उर्दूत. मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला आले ते 1958 मध्ये. पाठोपाठ यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फी माफ केली. हीच ती ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची) सवलत. उत्पन्नाचा दाखला तेव्हापासून प्रवेशाच्या कागदांत जो शिरला तो शिरलाच. महाविद्यालये अनुदानित असेपर्यंत मुळात फीच थोडी होती, म्हणून ही माफी सरकारला पेलली. 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, धाराशिवला तेरणा संस्थेचेही त्याच वर्षी, आणि हिशेबच बदलला.

त्यानंतर माफीची जागा प्रतिपूर्तीने घेतली. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर करायची, भार सरकारने उचलायचा, पैसे मागाहून यायचे. अशी खिरापत वाटल्याने शिक्षणाचा दर्जा घसरतो, असा आक्षेप घेतला जातो. पण दर्जा ठरतो तो शिक्षकांवर. शिकणाऱ्याचा बाप किती कमावतो, याच्याशी त्याचा संबंध काय? खरी उणीव वेगळीच आहे. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, आणि हा निर्णय चांगलाच आहे. मात्र धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूममधून पुण्याला गेलेल्या मुलीला दरमहा खोलीभाडे आणि मेसचे पैसे मोजावेच लागतात. ‘स्वाधार’ योजनेचा किंवा पंजाबराव देशमुख योजनेचा निर्वाह भत्ता यासाठीच आहे, पण पावसावर चालणाऱ्या घराला तो वेळेवर हवा. सत्र संपल्यावर जमा झालेल्या रकमेतून फारतर उसनवारी फिटते.